थप्पीखाली ८० तास, टेबलावर १८ दिवस

बल्लारशाहच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोत उन्हाळ्यात कधी गेलात तर दोन थप्प्यांच्या मधल्या गल्लीत जरा उभे राहा. बाहेर ऊन भाजून काढत असतं आणि आत सागवानाचा तुरट वास, अंधार, गारवा. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. फटीत अंग चोरून बसलं की शोधणाऱ्याचे पाय दिसत, त्याचा श्वास ऐकू येई, पण त्याला आपण दिसत नसू. चौकीदार शिव्या देत धावून यायचा, कारण थप्पी सरकली तर आतल्याचं काही खरं नाही. तसंही फार वेळ बसवत नसे. पायांना मुंग्या येत, मान आखडे, आणि राज्य आलं तरी चालेल पण बाहेर पडू दे असं होई.

एका १९ वर्षांच्या मुलाने फळ्यांच्या थप्पीखाली सुमारे ८० तास काढले, हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला ती फट आठवली. मुलाचं नाव वॉल्टर रोझेनबर्ग. पुढे त्याने रुडॉल्फ व्हर्बा हे नाव घेतलं आणि जग त्याला त्याच नावाने ओळखतं. ती थप्पी होती आउश्वित्झ-बिर्केनाऊच्या छावणीत. तो तिथून जीव वाचवायला निघाला हे खरं, पण त्याहून मोठं काम त्याच्या डोक्यात होतं. एक बातमी वेळेत बाहेर न्यायची होती. बातमी वेळेत बाहेर गेलीसुद्धा. पुढे तिचं काय झालं, त्याचा हा घटनाक्रम.

मार्च १९४२, त्रनावा, स्लोवाकिया

वॉल्टरचा जन्म ११ सप्टेंबर १९२४चा, टोपोलचानी गावचा. वडिलांची वाफेवर चालणारी लाकूड कापायची गिरणी होती. ज्यू म्हणून १५व्या वर्षी त्याला शाळेतून काढलं. पुढे मजुरी. १९४२च्या मार्चमध्ये स्लोवाक सरकारने आपल्याच ज्यू नागरिकांना पोलंडकडे पाठवायला सुरुवात केली. ‘पुनर्वसन’ हा त्यासाठी वापरलेला शब्द. आमच्या भागात धरण, खाण, अभयारण्य अशा कारणांनी ‘पुनर्वसन’ शब्द ऐकला की माणसं सावध होतात. तिथे बहुतेकांनी तो शब्द तसाच खरा मानला.

वॉल्टरने मानला नाही. कोटावरचा पिवळा तारा फाडून त्याने हंगेरीची सीमा ओलांडली. परतताना हंगेरियन सैनिकांनी पकडलं, बेदम मारलं आणि परत स्लोवाकियात ढकललं. नोवाकीच्या छावणीत डांबल्यावर तो तिथूनही निसटला. या वेळी पकडला गेला तो मोज्यांमुळे. त्याने पायात दोन जोड मोजे घातले होते, आणि एका पोलिसाच्या ते नजरेत भरलं. एवढ्याशा गोष्टीने माणूस मरणाच्या गाडीत बसतो. जूनमध्ये मायदानेक, आणि ३० जून १९४२ला आउश्वित्झ. हातावर आकडा गोंदला: ४४०७०.

ऑगस्ट १९४२, ‘कॅनडा’

या महिन्यात आमच्या चिमूरला नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, मिरवणुकीवर गोळ्या चालल्या, पुढे गोरे सैनिक गावात उतरले आणि जे झालं ते चंद्रपूर जिल्ह्यात अजून दबक्या आवाजात सांगतात. त्याच महिन्यात वॉल्टरला सामान निवडायच्या टोळीत घातलं. गाड्यांतून उतरणाऱ्या लोकांच्या पेट्या, गाठोडी, भांडी जिथे साठवत त्या कोठाराला कैदी ‘कॅनडा’ म्हणत, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश अशी त्यांची समजूत.

त्या सामानाने त्याला खरं काय ते शिकवलं. पेट्यांत हिवाळ्याचे कपडे होते आणि उन्हाळ्याचेही. स्वयंपाकाची भांडी होती. पोरांच्या वह्या होत्या. म्हणजे ही माणसं संसार मांडायला निघाली होती. आणि तो मांडण्याआधीच, उतरल्यापासून काही तासांत, त्यांतली बहुतेक विषारी वायूच्या खोल्यांत मारली जात होती. वॉल्टरच्या लक्षात आलं की हे सगळं यंत्र तारेच्या कुंपणावर चालत नाही, बंदुकीवरही नाही. ते चालतं गाडीतल्या माणसाला काही ठाऊक नसण्यावर. तो पुढे आयुष्यभर हे सांगत राहिला: मुकाट चालणारा कळप हाकणं सोपं, रानभर पांगलेली हरणं एकेक करून मारणं अवघड. ज्याने जंगलात हाका बघितला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग तो मोजू लागला. कुठून गाडी आली, किती डबे, किती माणसं छावणीत घेतली, किती थेट मारली. कागद जवळ ठेवला तर मरण, म्हणून सगळं डोक्यात. १९४३च्या उन्हाळ्यापासून तो बिर्केनाऊच्या विलगीकरण विभागात कारकून झाला आणि मोजणी आणखी पक्की झाली.

८ मार्च १९४४, रात्र

बिर्केनाऊत एक विभाग वेगळा होता. चेक ज्यू कुटुंबं तिथे बायकामुलांसह एकत्र राहत. केस कापलेले नव्हते, मुलांसाठी शिकवणी चाले. त्यांच्या कागदांवर सहा महिन्यांची मुदत लिहिली होती. मुदतीचा अर्थ छावणीतल्या गुप्त संघटनेला कळला, तेव्हा वॉल्टर निरोप घेऊन फ्रेडी हिर्श या तरुण शिक्षकाकडे गेला. मुलं त्याचं ऐकत, मोठीही ऐकत. उठाव करायचा तर त्यानेच हाक द्यायला हवी होती. मुलांचं काय होईल, या प्रश्नापाशी हिर्श थांबला. त्याने विचाराला थोडा वेळ मागून घेतला आणि नंतर तो गुंगीच्या औषधाने बेशुद्ध पडलेला सापडला. त्या रात्री ३,७०० हून अधिक माणसं मारली गेली. वॉल्टरचं जिच्यावर प्रेम होतं ती अलिस मुंक त्यांत होती.

दाराशी पोचलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही, हे त्या रात्री त्याला कळलं. गाडीत बसण्याआधी सांगायला हवं.

आणि पुढच्या गाड्या कुठून येणार याची चिन्हं समोर होती. छावणीच्या आत, थेट दाहगृहांच्या जवळ जाणारा नवा रेल्वे फलाट बांधला जात होता. १९ मार्चला जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. युरोपात आता तेवढाच मोठा ज्यू समाज शिल्लक होता, साडेसात लाखांच्या आसपास. फलाट हंगेरीसाठी आहे, हे छावणीतच आपल्या कानावर आलं होतं, असं व्हर्बाने नंतर सांगितलं. काही इतिहासकार यावर शंका घेतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. फलाट कोणासाठी हे कळलं नसेल, तरी कशासाठी हे न कळायला तो आंधळा नव्हता.

एप्रिल १९४४चा पहिला आठवडा

आता लाकडाचं.

कैदी राहत तो भाग विजेच्या तारांच्या आत. त्याबाहेर बरीच मोकळी जागा, जिथे दिवसा कैदी कामाला जात, आणि तिच्याही बाहेर पहारेकऱ्यांच्या मनोऱ्यांची दुसरी साखळी. संध्याकाळी हजेरी झाली, सगळे आत आले की बाहेरची साखळी उठे. एखादा कमी भरला तर मात्र ती तीन दिवस, तीन रात्री जागची हलत नसे. तीन दिवसांत सापडला नाही तर तो पळून गेला असं धरून पहारा उठवत.

याचा अर्थ इतकाच की पळायचं नाही. दोन साखळ्यांच्या मध्ये तीन दिवस, तीन रात्री बसून राहायचं.

छावणीचा एक नवा भाग तेव्हा बांधला जात होता. कैदी त्याला ‘मेक्सिको’ म्हणत. तिथे बांधकामाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एका थप्पीच्या पोटात काही कैद्यांनी पोकळी ठेवली होती. वरून थप्पी भरीव दिसे. आधी चौघं या पोकळीतून निघून गेले. ते पुढे पकडले गेले आणि त्यांना छावणीत परत आणलं. मारहाण झाली, पण लपायची जागा त्यांनी सांगितली नाही. या चौघांबद्दल फार कोणी बोलत नाही. त्यांचं तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दिमित्री वोल्कोव्ह नावाच्या रशियन युद्धकैद्याने वॉल्टरला पळण्याची विद्या शिकवली होती. जवळ मांस ठेवायचं नाही, कुत्रे वास काढतात. पैसे ठेवायचे नाहीत, पैसे असले की वस्तीकडे जावंसं वाटतं. कोणावर विश्वास नाही. चालायचं रात्रीच. चाकू, घड्याळ, काडेपेटी हवी. आणि मीठ. मीठ असलं की शेतातल्या बटाट्यावर माणूस महिनोन् महिने काढतो. भामरागडच्या रानातली जुनी माणसं मिठासाठी किती कोस तुडवत हे ज्यांना माहीत आहे त्यांना वोल्कोव्हचं हे बोलणं आपल्या घरातलं वाटेल. शेवटचा धडा तंबाखूचा. रशियन माखोर्का तंबाखू पेट्रोलमध्ये भिजवायची, वाळवायची आणि लपायच्या जागेभोवती पेरायची. कुत्रा जवळ येतो, हुंगतो आणि निघून जातो.

जोडीदार होता आल्फ्रेड वेट्झलर, सगळ्यांचा फ्रेडो, वय २५, त्रनावाचाच. तोही कारकून, बिर्केनाऊच्या शवागारात नोंदी ठेवणारा. कारकुनांना आवारात थोडं फिरता येई. ३ एप्रिलचा बेत ठरला आणि फसला. पुढचे दिवसही हुकले.

शुक्रवार, ७ एप्रिल, दुपारी २ वाजता

गुड फ्रायडे. आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचा वल्हांडण सण लागत होता, गुलामीतून बाहेर पडल्याची आठवण. आमच्या कोकणातले बेने इस्रायली या सणाला पूर्वी ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत, आंबट पाण्याचं भांडं झाकून ठेवण्याच्या चालीवरून. झाकण घालायचा सण. त्या दुपारी झाकण पडलं ते दोन जिवंत माणसांवर.

दोघांच्या अंगावर डच कपडे होते, ‘कॅनडा’तून आलेले. वॉल्टरला वाटेत दोन शिपायांनी अडवलं, झडती घेतली, मारलं, सोडलं. तो थप्पीपाशी पोचला. बोलेक आणि आदामेक हे दोन पोलिश कैदी वर उभे होते. त्यांनी काही न बोलता फळ्या सरकवल्या. दोघं आत उतरले. फळ्या पुन्हा जागेवर आल्या. वर पावलं वाजली, खाली उतरली, दूर गेली.

वॉल्टरने फटींमध्ये तंबाखू भरली. मग दोघं नुसते बसून राहिले.

त्याच दिवशी संध्याकाळ

हजेरीत दोघं कमी. भोंगा झाला. बूट, आरडाओरड, कुत्री. कुत्र्यांचे पंजे फळ्यांवर खरवडताना ऐकू येत होते. नाकपुडीचा आवाज येत होता. खोकला येऊ नये म्हणून दोघांनी तोंडावर फ्लॅनेलच्या पट्ट्या घट्ट बांधल्या होत्या. कुत्री हुंगत राहिली आणि पुढे गेली.

रात्री ८:३३

बिर्केनाऊचा प्रमुख फ्रिट्झ हार्टयेनश्टाइन याला टेलिप्रिंटरवर खबर गेली: दोन ज्यू पळाले. दुसऱ्या दिवशी बर्लिनपर्यंत तारा गेल्या. त्या तारांनुसार दोघं ‘पळालेले’ होते. प्रत्यक्षात ते ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर बसले होते.

शनिवार, ८ एप्रिल आणि रविवार, ९ एप्रिल

या दोन दिवसांत सांगण्यासारखं जवळजवळ काही घडत नाही, आणि म्हणून मला ते सगळ्यांत कठीण वाटतात. आपल्याकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहाटे मोहफुलं टपटपतात आणि आठ वाजताच उन्हाचा चटका बसतो. तिकडे अजून थंडी होती. फळ्या ओल्या, कपडे ओले. भाकरीचा तुकडा जवळ होता, पण घशाखाली उतरत नव्हता. शिंक आली तर मरण. झोपेत घोरलं तर मरण. त्यात दाहगृहांकडे येणाऱ्या मालमोटारी ऐकू येत होत्या. वॉल्टरचं मोजणं इथेही थांबलं नसणार.

एकदा दोन जर्मन शोधत शोधत याच थप्पीवर चढले. त्यांना शंका आली होती. एकेक फळी उचलून ते बाजूला टाकू लागले. डोक्यावरचा थर पातळ होत चालला. दोघांनी चाकू हातात धरले. एवढ्यात छावणीत दुसरीकडे कसलातरी गलका झाला आणि ते दोघं तिकडे धावले. परत आले नाहीत.

रविवारी आदामेक थप्पीपाशी आला, लघवीला उभा राहिल्यासारखं केलं आणि शीळ घातली. सगळं ठीक असल्याचा निरोप तो एवढाच.

सोमवार, १० एप्रिल, रात्री ९

तीन दिवस भरले. संध्याकाळी बाहेरची साखळी उठल्याच्या आरोळ्या एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे गेल्या. हा डाव असला तर? म्हणून दोघं आणखी काही तास थांबले. नऊ वाजता त्यांनी वरच्या फळ्या ढकलल्या.

हलेनात.

ओलीने फुगून, वजनाने घट्ट बसल्या होत्या. दोघांनी खांदे लावले, तेव्हा कुठे एक फळी सरकली. त्या दोन जर्मनांनी वरचा थर उतरवून ठेवला नसता तर आपण आतून निघूच शकलो नसतो, असं व्हर्बाने लिहून ठेवलं आहे. शोधायला आलेल्यांनीच वाट मोकळी केली. डेपोत काम केलेल्या माणसाला हे पटेल. थप्पी भिजली की हमालही पहारीशिवाय तिला हात लावत नाहीत.

बाहेरच्या कुंपणाखालून सरपटत दोघं रानात शिरले. झाडं बर्चची, पांढऱ्या सालीची. बिर्केनाऊ या नावाचा अर्थच बर्चचं रान. आपली मोहाडी, चिंचाळा ही गावं जशी झाडांवरून, तसंच ते.

११ ते २१ एप्रिल

स्लोवाकियाची सीमा सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेला. सोवा नदीच्या कडेकडेने जायचं. नकाशा म्हणजे मुलांच्या अॅटलासमधून फाडलेलं एक पान. कोणत्या मुलाच्या पेटीतून आलं होतं ते, कोण सांगणार.

१३ एप्रिलला वाट चुकून ते बिएल्स्कोजवळ उजेडात सापडले. पिसाझोवित्से गावात एका दाराची कडी वाजवली, कारण दुसरा उपायच नव्हता. आतल्या पोलिश बाईने घरात घेतलं, बटाट्याचं सूप आणि पाव दिला, दिवसभर लपवलं. पकडली गेली असती तर तिला फाशी होती. वोल्कोव्हचा ‘कोणावर विश्वास नाही’ हा नियम इथे मोडला, आणि मोडला म्हणून ते जगले. डोंगरात एका गस्तीने गोळ्या झाडल्या तेव्हा ओव्हरकोट टाकून पळाले. मिलूफकाजवळ पुन्हा एका बाईने आसरा दिला, एका माणसाने सीमेपर्यंत वाट दाखवली. तोवर वॉल्टरचे पाय इतके सुजले होते की बूट कापून काढावे लागले. पुढचा डोंगर त्याने घरात घालायच्या सपाता घालून पार केला.

२१ एप्रिल, शुक्रवार. स्कालिते गाव. सीमा ओलांडली.

चानेत्स्की नावाच्या शेतकऱ्याने त्यांना ठेवून घेतलं. सोमवारी चाडत्साचा बाजार भरतो, तिथे तो डुकरं विकायला निघाला होता. त्याने यांनाही शेतकऱ्याचे कपडे चढवून बरोबर नेलं. आठवडी बाजाराच्या गर्दीत कोण कोणाकडे बघतं? चाडत्सात डॉ. पोलाक होते, वॉल्टरच्या ओळखीचे. डॉक्टर म्हणून १९४२च्या यादीतून ते सुटले होते. पायांना पट्ट्या बांधता बांधता त्यांनी आपल्या गेलेल्या नातेवाइकांबद्दल विचारलं. वॉल्टरला सांगावं लागलं. बाहेर आणलेली बातमी पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली ती अशी, एका दवाखान्यात, ज्याचे लोक मेले होते त्यालाच.

२५ ते २७ एप्रिल, झिलिना

स्लोवाकियाच्या ज्यू परिषदेचे लोक भेटले. ऑस्कर क्रास्नियान्स्की या इंजिनिअरने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारपूस केली. परिषदेकडे १९४२ला गेलेल्या गाड्यांच्या याद्या होत्या. वॉल्टर सांगत गेला, ते ताडून बघत गेले. तारखा जुळल्या. माणसं जुळली. छावणीचा आराखडा काढला, दाहगृहं कुठे, फलाट कुठे, वायूच्या खोलीत काय घडतं. २७ एप्रिलला अहवाल टंकून तयार झाला, जर्मन भाषेत, ४० पानांच्या आसपास.

त्यातला मृतांचा एकूण अंदाज प्रत्यक्षाहून जास्त होता हे नंतर स्पष्ट झालं. आज आउश्वित्झमधल्या बळींची संख्या अकरा लाखांच्या घरात मानतात, त्यातले दहा लाखांच्या आसपास ज्यू. पण गाड्यांचा क्रम, रचना, मारण्याची पद्धत हे सगळं त्या दोन डोक्यांनी जसंच्या तसं आणलं होतं.

वॉल्टरने एकच विचारलं: हंगेरीतल्या लोकांना कधी सांगणार? अहवाल योग्य हातांत पडेल, असं उत्तर मिळालं.

२७ एप्रिल ते १४ मे

हे ते १८ दिवस. यांचा तासातासाचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण या दिवसांत कागद फिरत होते. हंगेरियनमध्ये भाषांतर होत होतं, नकला होत होत्या. बुडापेस्टच्या ज्यू बचाव समितीतल्या रुडॉल्फ कास्ट्नरला आपण एप्रिलअखेरीस प्रत दिली, असं क्रास्नियान्स्कीने पुढे सांगितलं. कास्ट्नर त्या वेळी नाझी अधिकारी आइखमानशी वाटाघाटी करत होता. त्यातून एक गाडी जूनअखेर सुटली आणि सोळाशेहून अधिक माणसं वाचली. बाकीच्यांना सांगितलं गेलं नाही.

व्हर्बाने याची क्षमा कधी केली नाही. काही इतिहासकार म्हणतात, सांगूनही लोकांनी विश्वास ठेवला नसता, पळायला जागा नव्हती, तरुण पुरुष सक्तीच्या मजुरीवर नेलेले होते. त्यात तथ्य आहे. तरी मला व्हर्बाची बाजू सोडवत नाही. विश्वास ठेवायचा की नाही, पळायचं की नाही, हे ज्याच्या पोरांना गाडीत बसवायचं आहे त्याने ठरवायचं असतं. ते दुसऱ्या कोणी टेबलामागे बसून त्याच्यासाठी ठरवायचं नसतं.

बंद गावातली बातमी बाहेर नेण्याची किंमत आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले आणि सरकारने त्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली. वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ला निषेध म्हणून अंक काढले नाहीत. चिमूर म्हणजे आउश्वित्झ नव्हे, ही तुलना मी करत नाही. पण बातमी दाबणारा आणि बातमी पोचवणारा, ही दोन माणसं दोन्हीकडे तीच आहेत.

झिलिनाच्या अहवालाची एक प्रत ब्रातिस्लाव्हातल्या व्हॅटिकनच्या प्रतिनिधीने, जुझेप्पे बुर्झियो यांनी, २२ मेला रोमकडे धाडली. ती तिथे पोचली ऑक्टोबरात. सुजलेल्या पायांच्या मुलाने डोंगर ओलांडायला ११ दिवस घेतले होते.

१५ मे १९४४

एप्रिलअखेरीस दोन गाड्या आधीच गेल्या होत्या. आज मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. हंगेरीच्या ईशान्य भागातून, मुंकाच आणि आसपासच्या गावांतून. दिवसाला चारेक गाड्या, रोज सुमारे १२,००० माणसं. बहुतेक गाड्या स्लोवाकियातून गेल्या, ज्या देशात अहवाल तयार झाला त्याच देशातून. नवा फलाट तयार होता.

२७ मे ते ६ जून

चेस्वाव मोर्दोविच आणि आर्नोश्ट रोझिन हे आणखी दोघं छावणीतून निसटले आणि ६ जूनला स्लोवाकियात पोचले. त्यांनी व्हर्बाला हंगेरीच्या गाड्यांचं सांगितलं. दाहगृहं पुरत नाहीत म्हणून उघड्या खड्ड्यांत प्रेतं जाळत आहेत, हे सांगितलं. आपण ज्यासाठी थप्पीखाली बसलो ते झालंच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जून ते ७ जुलै

अहवाल स्वित्झर्लंडला पोचला. १५ जूनला बीबीसीने बातमी दिली. स्विस वृत्तपत्रांनी विषय धरून ठेवला, पोप, स्वीडनचा राजा, अमेरिका यांचा दबाव वाढला. ७ जुलैला हंगेरीचा प्रमुख होर्टी याने गाड्या थांबवायचा आदेश दिला. शेवटच्या गाड्या ९ जुलैला गेल्या. बुडापेस्टमधले सुमारे दोन लाख ज्यू त्या क्षणी वाचले. यांतल्या किती जणांचं श्रेय फळ्यांखालच्या त्या दोघांना द्यायचं, हे इतिहासकार अजून मोजतात. ते श्रेय बरंच आहे.

जर्मन नोंदीप्रमाणे आठ आठवड्यांत गेलेली माणसं: ४,३७,४०२. जवळजवळ सगळी आउश्वित्झला. बहुसंख्य उतरल्या दिवशीच मेली.

व्हर्बा पुढे पार्टिझन सैनिकांत लढला, औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला, व्हँकुव्हरला स्थायिक झाला आणि २००६ मध्ये वारला. ज्या कोठाराला कैदी ‘कॅनडा’ म्हणत, त्या नावाच्या खऱ्या देशात. वेट्झलर १९८८ मध्ये ब्रातिस्लाव्हात गेला.

१९४४च्या मे महिन्यातले बिर्केनाऊचे फोटो आहेत. नाझींनीच काढलेले. लिली याकोब नावाच्या एका कैदी मुलीला १९४५ मध्ये, सुटकेच्या दिवशी, दुसऱ्याच एका छावणीत तो अल्बम सापडला. पानं उलटताना तिला त्यात तिच्या स्वतःच्या गावची माणसं दिसली. काही फोटो बर्चच्या रानातले आहेत. दाहगृहांत जागा होईपर्यंत लोकांना तिथे थांबवत. झाडांना पालवी आली आहे. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया गवतावर टेकल्या आहेत, म्हाताऱ्यांनी बुंध्याला पाठ लावली आहे, लांबच्या प्रवासानंतर माणसं टेकतात तशी. कडेवर मुलं आहेत. बाजूला गाठोडी आहेत, नीट बांधलेली.